रणदिव्यांचं विमान

“चाकं खाली हवीत,” ते म्हणाले. “काच मागे सरकवलेली. आणि आत माणूस नको.”

मी खोक्याचं झाकण हातात धरून उभा होतो. टेबलावर कवळ्यांचे साचे वाळत पडले होते आणि त्यांच्या पलीकडे स्टुलावर नरगुंदकर बसले होते. वय पंचाहत्तरच्या आसपास, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला पेन, मांडीवर कापडी पिशवीची घडी. आदल्या आठवड्यात दातांच्या डॉक्टरांनी त्यांना माझ्याकडे पाठवलं होतं. खालची कवळी हिरडीला टोचत होती. मी ती घासून देईपर्यंत ते तोंडावर रुमाल धरून भिंतीवरच्या फळीकडे बघत राहिले. फळीवर माझी विमानं होती, लहानमोठी एकोणीस. तेव्हा त्यांनी काहीच विचारलं नाही. आज सरळ खोकं घेऊनच आले.

ही २०११ सालची गोष्ट. मिरजेत माझी दातांची लॅब आहे. डॉक्टर ठसे पाठवतात, मी त्यावरून दात, टोप्या, कवळ्या करून देतो. आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या सतारी बनतात. मी सतारीचा भोपळा सोडून जबडा धरला, असं अब्बा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. पण हाताची सवय तीच. चौदाव्या वर्षी एका पाहुण्याने मला प्लॅस्टिकच्या विमानाचं किट आणून दिलं आणि तेव्हापासून सकाळी लॅब उघडण्याआधीचे दोन तास माझे आणि विमानांचे.

असं किट मात्र मी आजवर फक्त मासिकात पाहिलं होतं. युरोपातल्या कुठल्याशा छोट्या कारखान्याने काढलेलं, जगभरात मिळून फक्त चारशे नग. झाकणाच्या कोपऱ्यात शाईने हाताने लिहिलं होतं : २१२. आत व्हॅम्पायर जातीचं जुनं जेट होतं, साठच्या दशकात आपल्या हवाईदलात असलेलं. पुढे अंड्यासारखं पोट आणि मागे एकाऐवजी दोन लांब दांडे, त्यांना जोडणारी शेपटी.

“काका, हे कुठून मिळालं?”

“मुलगी जर्मनीत असते. तिला शोधायला सांगितलं होतं. आठ महिने लागले.”

“असली खोकी लोक उघडत नाहीत. तशीच बंद ठेवतात.”

“ठेवून काय करतात?”

“काही नाही. ठेवतात.”

“मग आपण बांधू,” ते म्हणाले.

मी सूचनांचा कागद उलगडला. विमान दोन्ही तऱ्हांनी करता येत होतं. चाकं पोटात घेतलेलं, म्हणजे उडतं. नाहीतर चाकांवर उभं. मी त्यांना सांगून पाहिलं, की उडतं केलं तर सोपं आहे आणि दिसतंही झोकदार. हे जेट चाकांवर उभं केलं की मागच्या दांड्यांच्या वजनाने नाक वर उचलतं आणि शेपटीवर बसतं.

“बसू देऊ नका,” ते म्हणाले. “नीट उभं राहिलं पाहिजे. आत्ताच येऊन थांबल्यासारखं.”

“कधीपर्यंत हवंय?”

“पंधरा मार्चच्या आत. सोळाला मुलगी येतेय.”

फेब्रुवारीचा पहिला आठवडा होता. मी होकार दिला. खरं सांगायचं तर त्यांच्यासाठी नाही दिला. ते खोकं मला हवं होतं.

जाताना त्यांनी पिशवीतून एक पाकीट काढलं. त्यात काळापांढरा फोटो होता. हेच विमान, आणि त्याच्या मागच्या दांड्याला टेकून उभा असलेला पंचवीस-सव्वीस वर्षांचा वैमानिक. दांड्यावर विमानाचा नंबर होता, पण शेवटचा आकडा त्याच्या खांद्याआड गेला होता.

“हे तुम्ही?” मी विचारलं.

“नाही हो. हे रणदिवे. फ्लाइंग ऑफिसर यशवंत रणदिवे.”

“मित्र?”

त्यांनी जरा विचार केला. “ओळखीचे,” म्हणाले. “शेवटचा आकडा सात आहे. विसरू नका.”

*

त्यानंतर ते रोज सकाळी फिरायला निघाले की साडेसातला लॅबमध्ये येऊ लागले. अर्धा तास बसायचे, आठला उठायचे. घरी बायकोजवळ कामाची बाई आठपर्यंतच थांबते, म्हणायचे. नोकरी सगळी रेल्वेत झाली होती. आधी असिस्टंट, मग स्टेशन मास्तर.

किट त्रास देणारं निघालं. मोठ्या कंपन्यांच्या किटमध्ये तुकड्यांना खुंट्या आणि भोकं असतात, दाबलं की बसतं. इथे तसलं काही नव्हतं. कडा जाड, प्रत्येक तुकडा घासून, लावून बघून, पुन्हा घासून बसवायचा. मला त्याचं काही वाटत नव्हतं, दिवसभर कवळ्यांचं तेच करत होतो. खरी परीक्षा त्या दोन दांड्यांची. एक केसभर वाकडा लागला तर सगळं विमान लंगडं दिसतं. मी काचेच्या तुकड्यावर पेन्सिलीने रेषा आखल्या आणि दोन्ही दांडे मेणाच्या गोळ्यांत उभे करून दोन दिवस तसेच ठेवले.

“रुळांखाली स्लीपर टाकताना आमच्याकडे असंच मोजतात,” नरगुंदकर म्हणाले.

नाकात वजन भरण्यासाठी मी दातांच्या टोप्या ओतून उरलेले धातूचे तुकडे वापरले. एकेक तुकडा टाकायचा, पोट रबराने बांधायचं, चाकांच्या जागी मेण लावून उभं करून बघायचं. सात तुकडे झाले तरी नाक वर. नवव्याला विमान पुढे झुकलं आणि स्थिर राहिलं. नरगुंदकरांनी नकळत टाळी वाजवली आणि मग इकडेतिकडे बघितलं.

मला एक कोडं पडत चाललं होतं. हा माणूस रेल्वेतला. विमानात कधी बसलाही नव्हता, मी विचारलं होतं. मुलीने जर्मनीची तिकिटं पाठवली होती, तीही परत केली होती. पण या एका विमानाबद्दल त्याला जे ठाऊक होतं ते कुठल्या पुस्तकात नव्हतं.

“पुढच्या चाकाचं जे झाकण आहे ना,” एका सकाळी म्हणाले, “त्याच्यावर लाल रंगाचा ओघळ होता. रंगवणाऱ्याच्या हातून सांडलेला.”

“फोटोत दिसत नाही.”

“फोटोत नाही दिसत. होता.”

“तुम्ही पाहिलाय?”

“मी नाही. पण होता, नासीर. एवढासा. नखाएवढा.” आतापर्यंत ते मला ‘तू’ म्हणायला लागले होते.

मी सुईच्या टोकाने तो ओघळ काढला. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझं भिंग मागून घेतलं आणि तो बराच वेळ पाहिला.

“त्या रणदिव्यांनी तुम्हाला सांगितलं हे सगळं?”

“रणदिव्यांना मी कधी भेटलो नाही,” ते म्हणाले, घड्याळाकडे बघितलं आणि उठले.

*

मार्चच्या पाच तारखेला मी काच फोडली.

वैमानिकाच्या डोक्यावरचं ते पारदर्शक झाकण या किटमध्ये प्लॅस्टिकच्या एका पातळ पत्र्यातून ओढून काढलेलं होतं. एकच. बाहेरच्या कडा कापून ते मोकळं करायचं आणि मग पुढची काच आणि मागे सरकणारं झाकण असे दोन भाग वेगळे करायचे. नरगुंदकर आठला उठून गेले होते आणि मी धारदार पात्याने हळूहळू रेघ ओढत होतो. बारा वेळा ओढली, तेराव्या वेळी चटकन आवाज झाला आणि तडा एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेला.

मी पातं खाली ठेवलं. दाराबाहेर जाऊन उभा राहिलो, परत आत आलो. तडा तिथेच होता.

कारखान्याला लिहून दुसरी काच मागवायची म्हणजे दोन महिने. एक विचार मनात आला, की चाकं पोटात घालावीत, काचेच्या जागी नुसतं पांढरट प्लॅस्टिक चिकटवून विमान उंच फळीवर ठेवायला सांगावं. म्हाताऱ्याच्या डोळ्यांना काय कळणार आहे. हा विचार मी जवळजवळ तासभर बाळगला, हे लिहायला आजही बरं वाटत नाही. शेवटी दुपारी जेवणाच्या सुट्टीत लॅब बंद केली, सायकल काढली आणि त्यांचा पत्ता शोधत गेलो. स्टेशनच्या मागच्या बाजूला त्यांचं बैठं घर होतं. मी पोचलो तेव्हा तीन वाजायला आले होते.

फाटकापाशी एक बाई उभ्या होत्या. इस्त्रीची सुती साडी, पायात चपला, खांद्याला पर्स, कुठेतरी जायला निघाल्यासारख्या. फाटक आतून नरगुंदकरांनी धरून ठेवलं होतं. ओढत नव्हते, नुसतं धरून होते. मला बघताच त्या बाई फाटकाच्या गजांजवळ आल्या.

“तुम्ही एअर फोर्सकडून आलात का?”

मी नरगुंदकरांकडे बघितलं. 

“नाही काकू,” मी म्हणालो.

“पण काही खबर असेल ना? दोनला निघालं होतं. तीनला परत यायचं.” मग त्या मागे वळल्या. “मास्तर, तुम्ही तरी तार करून विचारा की.”

“विचारतो,” नरगुंदकर म्हणाले. “उन्हात नका उभ्या राहू. आत बसा, खबर आली की सांगतो.”

“आत कशी बसू? मी जाते ना तिकडेच.”

हे असं चाळीस मिनिटं चाललं. मी सायकल धरून बाहेर उभा. त्या फाटक उघडायला सांगत होत्या, हे दर वेळी तितक्याच शांतपणे ‘विचारतो’ म्हणत होते. शेवटी त्या थकल्या. त्यांना आत पलंगावर बसवून, पंखा लावून ते पायरीवर येऊन बसले. मला बाजूला बसायची खूण केली.

“ही माझी बायको,” ते म्हणाले. “शशिकला. रणदिवे तिचे पहिले यजमान.”

पुढचं त्यांनी रस्त्याकडे बघत सांगितलं. लग्न बासष्टच्या डिसेंबरात झालं, आणि त्रेसष्टच्या ऑगस्टमध्ये विमान समुद्रावर गेलं ते आलं नाही. हवा खराब होती. शोध घेतला, काही हाती लागलं नाही. तारेत ‘बेपत्ता’ असा शब्द होता आणि तो शब्द सासूबाईंनी धरून ठेवला. मृतदेह नाही म्हणजे मुलगा आहे. सुनेने कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र काढायचं नाही आणि रडायचं तर मुळीच नाही, अपशकुन होतो. चार वर्षं असं. मग वडिलांनी तिला मिरजेला आणलं. तिला जयसिंगपूरच्या शाळेत नोकरी लागली. रोज पॅसेंजरने जायची-यायची.

“मी तेव्हा इथे असिस्टंट होतो. गाडीला उशीर असला की ती खिडकीशी येऊन विचारायची, मास्तर, काही खबर? गाडीचीच. एवढंच आमचं बोलणं. अडुसष्ट साली आम्ही लग्न केलं. तिच्याकडून भाऊ तेवढा आला होता.”

“आणि काकू त्यांच्याबद्दल...”

“एक शब्द नाही. चाळीस वर्षं. मीही कधी विचारलं नाही. मला वाटायचं, विसरली असेल. बरंच झालं, असंही वाटायचं.” त्यांनी पायरीवरची मुंगी बोटाने बाजूला केली. “दोन वर्षांपूर्वी तिचं विसरणं सुरू झालं. आधी किल्ल्या, मग नावं, मग मुलगी. मग मी. उरलं ते हे. रोज दुपारी तीन वाजता. त्या विमानाचं जे काही मला माहीत आहे, तो ओघळ, तो आकडा, सगळं या दोन वर्षांत या फाटकाशी ऐकलेलं.”

“तुम्हाला त्या ओळखतच नाहीत?”

“ओळखते की. मास्तर म्हणून.”

मग त्यांनी सोळा तारखेचं सांगितलं. काकू तीनदा घराबाहेर पडल्या होत्या. शेवटच्या वेळी कृष्णेवरच्या अंकलीच्या पुलावर सापडल्या, अनवाणी. मुलीने पुण्यात अशा माणसांना सांभाळणारी एक संस्था पाहून ठेवली होती, चांगली होती, डॉक्टरांचंही तेच म्हणणं होतं. मुलगी त्यासाठीच येत होती.

“मी म्हटलं, तिला एकदा विमान आलेलं दाखवावं. आलं, थांबलं, माणूस उतरून गेला. मग कदाचित ती फाटकाशी येणार नाही. वेडेपणा आहे, मला कळतं. दुसरं काही सुचलं नाही.”

मी त्यांना काच फुटल्याचं सांगितलं. तासभर मनात काय घोळत होतं तेही सांगितलं.

त्यांनी मान हलवली. “तू आलास ना सांगायला,” म्हणाले. “आता काय करायचं?”

*

काय करायचं ते मला सायकलवरून परत येताना सुचलं. झोपेत दात खाणाऱ्या लोकांसाठी आम्ही दातांवर बसणारं पारदर्शक कवच करतो. त्याचं यंत्र माझ्याकडे होतंच. प्लॅस्टिकची पातळ चकती तापवायची आणि ती मऊ झाली की यंत्र तिला ठशावर घट्ट ओढून घेतं. मला फक्त काचेचा ठसा हवा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नरगुंदकरांसमोरच मी फुटलेल्या काचेचा तडा बाहेरून मेणाने बंद केला, आत दातांच्या साच्याचं प्लास्टर ओतलं आणि वाळल्यावर तो ठसा पॉलिश करून आरशासारखा केला. पहिली चकती जास्त तापली, तिच्यात बुडबुडे आले. दुसरीला मागच्या बाजूला सुरकुती पडली.

“घाई आहे का?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“मग चालू दे.”

मी तिसरी चकती यंत्रात लावली. ती तापेपर्यंत विचारलं, “काका, तुम्हाला काही वाटत नाही? काकू रोज तुमच्यासमोर रणदिव्यांची वाट बघतात.”

“सुरुवातीला वाटलं. राग आला. आपण चाळीस वर्षं काय केलं मग, असं वाटलं.” त्यांनी सुरकुतलेली चकती उचलून बघितली. “पण एकदा ती फाटकाशी उभी होती आणि तिचा चेहरा बघितला. वीस वर्षांची पोर. घाबरलेली. मी तिला त्या वयात पाहिलंच नव्हतं. तिच्याजवळ तेव्हा कुणीही नव्हतं रे. आता निदान मी आहे.”

चकती मऊ होऊन खाली झुकली. मी यंत्राचा दांडा ओढला. यंत्र घुरघुरलं आणि ठशावर पाण्याच्या थेंबासारखी स्वच्छ काच बसली.

“विमान उतरलं असं सांगणार काकूंना?” मी विचारलं.

“हो. चाळीस वर्षं लोकांना गाड्यांच्या वेळा खऱ्या सांगितल्या. ही एक खोटी सांगतो.”

पुढच्या पाच दिवसांत मी रंग पुरा केला, रुपेरी. नंबरातला सात किटमधल्या आकडे चिकटवायच्या पट्टीवर नव्हता, तो दुसऱ्या आकड्यांचे तुकडे कापून जोडला. काच मागे सरकवून चिकटवली. आतल्या रिकाम्या खुर्चीवर पट्टे सोडलेले ठेवले, दोन्ही बाजूंना लोंबणारे. ते माझ्या मनाने केलं. नरगुंदकरांनी ते भिंगातून बघितलं.

*

बारा मार्चला दुपारी पावणेतीनला मी विमान घेऊन गेलो. त्यांनीच मला थांबायला सांगितलं, हात कापले तर दुसरा माणूस असावा म्हणून. ओसरीवर टेबल मांडलं होतं, त्यावर धुतलेला टॉवेल. मी विमान त्यावर ठेवलं. ते चाकांवर नीट उभं राहिलं.

तीनला काही मिनिटं असताना काकू बाहेर आल्या. पर्स, चपला, सगळी तयारी.

“मास्तर, काही खबर?”

“आहे,” नरगुंदकर म्हणाले. “या. बघा.”

त्या टेबलाजवळ आल्या. आधी उभ्यानेच बघितलं, मग वाकल्या. हात लावला नाही. दोन्ही दांड्यांवरून, पंखांवरून नजर फिरवत नाकाशी आल्या आणि चाकाच्या झाकणाशी थांबल्या.

“हा ओघळ,” त्या म्हणाल्या. “केवढे ओरडले होते ते त्या माणसावर. मग स्वतःच म्हणाले, राहू दे, खूण राहील.” त्या हसल्या. मी त्यांना पहिल्यांदाच हसताना बघत होतो. “हेच आहे. कधी आलं?”

“आज आलं.”

“म्हणजे उतरले.”

“उतरले,” नरगुंदकर म्हणाले.

काकूंनी विमानातल्या खुर्चीत डोकावून पाहिलं. सोडलेले पट्टे पाहिले. मग सरळ उभ्या राहिल्या आणि नरगुंदकरांकडे वळल्या. आवाज अगदी स्वच्छ होता, वर्गात प्रश्न विचारणाऱ्या बाईंचा.

“मग घरी का नाही आले?”

हा प्रश्न आम्हा दोघांच्याही डोक्यात आला नव्हता. इतके दिवस चाकं, काच, रंग, आणि हे साधं काही सुचलं नव्हतं. मी नरगुंदकरांकडे बघितलं. ते काहीतरी म्हणणार होते. ड्यूटीवर गेलेत, येतील, असं काहीतरी तोंडावर आलं असणार. ते त्यांनी गिळलेलं मला दिसलं.

त्यांनी खुर्ची ओढली, काकूंना बसवलं आणि स्वतः समोर जमिनीवर बसले. गुडघ्यांना हात लावत, सावकाश.

“शशिकला,” ते म्हणाले, “ते आले नाहीत. हे विमान मी या मुलाकडून करून घेतलं. खरं विमान समुद्रात गेलं. ते गेले. त्याला फार वर्षं झाली.”

“गेले?”

“हो.”

“तारेत तसं नव्हतं.”

“नव्हतं. तारेत चुकीचं होतं. ते त्याच दिवशी गेले. तू वाट बघितलीस त्यात काही चुकलं नाही. पण आता बघायची गरज नाही.”

  काकूंनी पदर तोंडाला लावला आणि रडायला लागल्या. मोठ्याने नाही. आवाज बाहेर जाऊ नये अशी धडपड करत, जसं कुणी पलीकडच्या खोलीत ऐकत असावं.

“रड,” नरगुंदकर म्हणाले. “इथे कुणी काही म्हणणार नाही.”

तेव्हा त्यांचा आवाज फुटला. मी ओसरीच्या टोकाला जाऊन पाठ करून उभा राहिलो. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मी वळलो तेव्हा ऊन पायरीवरून उतरून गेलं होतं. नरगुंदकर तिथेच जमिनीवर होते, आणि काकूंनी खांद्यावरची पर्स काढून टेबलावर, विमानाशेजारी ठेवली होती.

“मास्तर,” त्या डोळे पुसत म्हणाल्या, “तुमची सहाची गाडी आहे ना? चहा घेऊन जा.”

“आज ड्यूटी नाही,” ते म्हणाले. “मी थांबतो.”

*

मुलगी सोळाला आली. पंधरा दिवस राहिली. रोज तीन वाजता ती आईच्या मागे मागे असायची. काकू दुपारी ओसरीवर यायच्या, विमान बघायच्या, कधी ‘ते आले का’ असं विचारायच्या. नरगुंदकर दर वेळी खरं ते सांगायचे. त्या थोडं रडायच्या आणि मग चहाचं विचारायच्या. काही दिवशी विचारायच्याच नाहीत. फाटकाकडे मात्र पुन्हा गेल्या नाहीत. पुण्याचं रद्द झालं आणि मुलगी एकटी परत गेली. काकू त्यानंतर तीन वर्षं होत्या, त्याच घरात. नरगुंदकर त्यांच्यामागे दोन वर्षांनी गेले.

विमान नेऊन दिलं त्याच वर्षी दिवाळीच्या आधी ते मला लक्ष्मी मार्केटात भेटले. हातात कोथिंबीर होती. मी काकूंची चौकशी केली.

“बरी आहे. अजून मास्तरच म्हणते.” मग ते जरा जवळ सरकले, गुपित सांगावं तसे. “परवा काय झालं, मी संध्याकाळी तिच्याजवळ बसलो होतो. मला म्हणाली, मास्तर, तुमचं लग्न झालंय का हो?”

“मग?”

“म्हटलं, झालंय. तर मला रागावली. म्हणाली, मग इथे काय बसून राहता रोज? घरी जा. वाट बघत असतील त्या.”

“मग काय केलंत?”

“काय करणार? उठलो. चपला घातल्या. फाटकाबाहेर गेलो, कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत चाललो, तिथे उगाच पाच मिनिटं उभा राहिलो आणि आलो परत.” ते हसत होते. “ती दारातच उभी होती. मला बघितलं आणि म्हणाली, आलात?”